'द ग्रे' : मरणाऱ्याला खरं सांगावं का?

दूरचा पाऊस

जो कार्नाहन दिग्दर्शित 'द ग्रे' (2012) परवा पुन्हा पाहिला. पुढे कथानक शेवटापर्यंत उघड केलंय, त्यामुळे ज्यांना पाहायचाय त्यांनी आधी पाहून या.

अलास्कातल्या तेलकंपनीच्या कामगारांना घेऊन निघालेलं विमान बर्फात कोसळतं. शेवटी सातजण उरतात आणि लांडग्यांचा कळप त्यांच्या मागे लागतो. वरवर पाहता 'आता कोणाचा नंबर' अशा धाटणीचा थरारपट. जाहिरातही तशीच केली होती, लियाम नीसन मुठीला फुटक्या बाटल्या बांधून लांडग्यासमोर उभा. ती झुंज चित्रपटात दिसतच नाही. तो पुढे सरसावतो आणि पडदा काळा होतो. बरेच प्रेक्षक त्यावर चिडले होते, ते मला समजू शकतं.

माझा प्रश्न शेवटाबद्दल नाही, सुरुवातीच्या एका प्रसंगाबद्दल आहे. विमान पडल्यावर लुएंडन नावाचा कामगार रक्तबंबाळ होऊन अवशेषांत पडलेला असतो. भोवतालचे लोक त्याला धीर देत असतात. नीसनचा ऑटवे जवळ येतो, जखम बघतो आणि त्याला शांतपणे सांगतो की तू मरतोयस. मग हळूहळू अंगभर ऊब पसरेल, तिला अडवू नकोस, असंही सांगतो. तुझं प्रेम कोणावर आहे ते विचारतो. आणि तो माणूस जातो.

मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. माझ्या मित्राला तो क्रूर वाटतो. त्याचं म्हणणं असं की माणसाकडे शेवटी आशेशिवाय काहीच उरत नाही, मग तीही काढून घेणारा ऑटवे कोण? तो डॉक्टर नाही. कामगारांजवळ येणाऱ्या लांडग्यांना गोळी घालायची, ही त्याची नोकरी. आदल्या रात्री तर त्याने बंदुकीची नळी स्वतःच्याच तोंडात धरली होती. ज्याला स्वतःला जगायचं नव्हतं त्याने दुसऱ्याला 'जा' म्हणायचं, हे मित्राला अजिबात पटत नाही. शिवाय तो म्हणतो की हा प्रसंग डोळे ओलावण्यापुरता आहे. पुढे तर नेहमीसारखी माणसं एकेक करून मारलीच आहेत.

मला याचं नीट उत्तर देता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

वन्यवाचक

तुमच्या प्रश्नाच्या आधी लांडग्यांविषयी बोलणं मला भाग आहे, कारण या चित्रपटाने त्यांच्यावर अन्याय केलाय.

अलास्कात अंदाजे 7,000 ते 11,000 लांडगे आहेत, आणि तिथे माणसावर जीवघेणा हल्ला ही अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे. 2010 च्या मार्चमध्ये चिग्निक लेक या छोट्या वस्तीजवळ धावायला गेलेल्या एका शिक्षिकेचा लांडग्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाला, आणि तिथल्या वन्यजीव खात्याने पुढच्या वर्षी डीएनए तपासणीनंतर ते मान्य केलं. ही घटना एवढी गाजली ती दुर्मिळ म्हणूनच. चित्रपटातला कळप मात्र माणसांचा दिवसरात्र पाठलाग करतो, रांगेतल्या शेवटच्याला हेरतो, जणू सूड घेतोय. प्रत्यक्षात माणूस लांडग्यांच्या बिळाजवळ आला तर लांडगे बहुतेक वेळा माघार घेतात. आणि तो 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या! डेव्हिड मेक या ज्या संशोधकाच्या 1970 च्या पुस्तकामुळे हा शब्द घरोघरी पोचला, त्यानेच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून गादी मिळवलेला सरदार वगैरे तिथे नसतो. चित्रपट आला तेव्हा प्राणिहक्क संघटनांनी आक्षेप घेतला होता आणि माझ्या मते तो रास्त होता.

आता तुमचा मुद्दा. हे लांडगे मुळात लांडगे नाहीतच, ते मरण आहे, असं समर्थन नेहमी केलं जातं. मला ते मान्य नाही. मरणाला चेहरा द्यायला खराखुरा प्राणी वापरायचा आणि त्या प्राण्याची बदनामी झाली की 'ते प्रतीक होतं' म्हणायचं, हे योग्य नाही. थंडी पुरेशी होती. उंची, पाणी, भूक पुरेशी होती. चित्रपटातली मला पटलेली मरणं या चार गोष्टींनीच आलेली आहेत.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. आधी आयसीयूत होते, आता बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या सेवेत, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरमध्ये आहे. त्यामुळे लुएंडनचा प्रसंग मी प्रेक्षक म्हणून बघूच शकले नाही. माझी नजर ऑटवेच्या हातांकडे आणि आवाजाकडे होती.

आधी शरीराबद्दल सांगते. रक्तस्रावाने जाणाऱ्या माणसाला सहसा ऊब वाटत नाही. तहान लागते, अंग गार पडतं, घाम सुटतो, जीव कासावीस होतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, त्यातलं 40 टक्क्यांहून जास्त गेलं की रक्तदाब सावरणं फार अवघड होतं आणि शुद्ध हरपत जाते. ऊब येते ती गोठून मरताना, तीही काहींनाच. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि तो फार वाढला की काही माणसांना एकदम उकडायला लागतं. बर्फात अंगावरचे कपडे काढून टाकलेली प्रेतं सापडतात ती यामुळे. म्हणजे ऑटवे जे सांगतो ते वैद्यकीय पुस्तकात बसणारं नाही. तरीही त्याने ते सांगितलं हे बरोबर केलं असं मी म्हणेन, कारण त्या माणसाला पुढच्या दोन मिनिटांसाठी धरायला काहीतरी हवं होतं.

आता तो 'क्रूर' शब्द. प्रसंग परत लावून बघा. ऑटवे आपणहून जाऊन निकाल सुनावत नाही. लुएंडन विचारतोय, मला काय होतंय म्हणून. भोवतालची माणसं त्याचं ऐकत नाहीयेत, ती स्वतःच्या भीतीला उत्तर देतायत. 'काही नाही होणार तुला' हे वाक्य बहुतेक वेळा बोलणारा स्वतःसाठीच बोलतो. आमच्याकडे हे रोज दिसतं. एक वयस्कर रुग्ण होते, फुप्फुसात पाणी भरायचं, बोलताना दर दोन शब्दांनी थांबावं लागायचं. मुलं दारातूनच मला हाताने खूण करायची, सांगू नका. एका रात्री मी सलाईनची बाटली बदलत होते तेव्हा त्यांनी मनगट पकडलं आणि विचारलं, "सिस्टर, यातून उठणार का मी?" मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "नाही उठणार." मी म्हटलं, मलाही तसंच वाटतं. त्यावर ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. धाकट्या भावाशी अबोला होता, त्याला फोन लावायला सांगितला. रात्रीचे दोन वाजले होते. भावाने उचलला.

वाईट बातमी कशी सांगावी याची एक सहा पायऱ्यांची पद्धत 2000 साली अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांनी मांडली, आम्हाला ती शिकवतात. शांत जागा बघा, रुग्णाला किती माहीत आहे ते ओळखा, त्याला जाणून घ्यायचंय का ते विचारा, मग साध्या शब्दांत सांगा, त्याच्या भावनेजवळ थांबा, पुढचं काय ते ठरवा. ऑटवेकडे शांत जागा नाही, वेळही नाही. बाकीचं जवळजवळ सगळं तो करतो. नजरेला नजर ठेवतो. वाक्यं लहान ठेवतो. आणि शेवटच्या पायरीला, जिथे आपण औषधाचं वगैरे बोलतो, तिथे तो 'तुझं प्रेम कोणावर आहे' हे विचारतो. ज्याच्यापाशी दुसरा कुठलाच उपाय उरलेला नाही त्याच्यासाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही.

तो सलग बोलत राहतो, हेही मला फार महत्त्वाचं वाटतं. माणूस प्रतिसाद देईनासा झाला की नातेवाईक बोलायचे थांबतात, दबक्या आवाजात एकमेकांशीच बोलायला लागतात. 2020 मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या सेवाकेंद्रातल्या, अगदी अखेरच्या घटका मोजणाऱ्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले, तेव्हा काहींच्या मेंदूत आवाजाची नोंद होताना दिसली. त्यांना अर्थ कळत होता का हे त्यातून सिद्ध होत नाही. पण मी तेव्हापासून नातेवाईकांना आणखी ठामपणे सांगते, बोलत राहा.

आता तुमच्या मित्राचा खरा प्रश्न, याला अधिकार काय? याचं उत्तर चित्रपट जवळजवळ शेवटपर्यंत राखून ठेवतो. ऑटवेला सारखी बायको दिसते. पांढऱ्या चादरीत, अगदी जवळ, हसून म्हणते, घाबरू नकोस. आपल्याला वाटतं सोडून गेलेली बायको असावी. शेवटी कॅमेरा जरा सरकतो आणि सलाईन दिसते. ती मरत होती. तो तिच्या उशाशी होता, आणि धीर ती त्याला देत होती. मी सलाईन दिसायच्या बरीच आधी ओळखलं होतं, कारण असं त्या एका कोनातून, आडवं होऊन, चेहऱ्याजवळ चेहरा आणून माणूस फक्त रुग्णाच्या पलंगावरच बघतो. लुएंडनजवळ ऑटवे जे बोलला ते तो तिथून शिकला होता. जो मरणाजवळ बसलेला आहे त्यालाच ते इतकं सरळ बोलता येतं. आदल्या रात्री तो स्वतः मरायला निघाला होता म्हणून अधिकार जातो, असं मला वाटत नाही. उलट, आशेच्या पोकळ गप्पा मारायची ताकद त्याच्यात उरलेली नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही.

नीसनच्या पत्नीचं, अभिनेत्री नताशा रिचर्डसनचं, 2009 च्या मार्चमध्ये बर्फात घसरून डोक्याला मार लागल्याने निधन झालं होतं. तो अभिनय करताना मनात काय होतं हे मी कोण सांगणार, पण हे माहीत असताना ते प्रसंग कोरडेपणाने बघणं मला जमत नाही.

'पुढे तर एकेक मारलेच' याबद्दल. मी या चित्रपटात मोजत असते ते हे, की मरणाऱ्याजवळ कोण आहे. लुएंडनभोवती सगळे आहेत. पहिल्या रात्री हर्नांडेझ पहाऱ्यावर असताना एकटा जातो. फ्लॅनरी बर्फात मागे पडतो, बाकीचे वळून बघतात पण पोचू शकत नाहीत. बर्क विरळ हवेने आधीच भ्रमात आहे, त्याला बहीण दिसते, वादळाच्या रात्री तो इतरांच्या शेजारीच गोठतो आणि कोणाला कळत नाही. टॅल्गेट दोर तुटून खाली आपटतो, त्याच्याजवळ येते त्याची लहान मुलगी, तिचे केस त्याच्या चेहऱ्यावर येतात, आणि मग लांडगे. हेन्रिक पाण्यात अडकतो तेव्हा ऑटवे अगदी त्याला धरून आहे आणि तरी काही करू शकत नाही. सुरुवातीला जो माणूस शब्दांनी एकाला पैलतीराला पोचवतो, त्याचे शब्द, मग हात, मग श्वाससुद्धा कमी पडत जातो. लुएंडनचा प्रसंग चित्रपट विसरत नाही. पुढचं प्रत्येक मरण त्याच्याशी ताडून दाखवलंय.

बर्कची बहीण आणि टॅल्गेटची मुलगी या दिग्दर्शकाच्या भावुक कल्पना आहेत असं काहींना वाटेल. बफेलो इथल्या हॉस्पिसमध्ये डॉ. ख्रिस्तोफर कर आणि सहकाऱ्यांनी 59 रुग्णांना रोज त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारलं, 2014 मध्ये ते छापून आलं. बहुतेकांना अशी स्वप्नं किंवा दृश्यं दिसत होती, आणि गेलेल्या आप्तांना पाहून त्यांना सर्वांत जास्त दिलासा मिळत होता. मी स्वतः खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हसणारी माणसं पाहिली आहेत. चित्रपटातली ही बाजू मला लांडग्यांपेक्षा कितीतरी खरी वाटते.

वन्यवाचक, तुमचा राग मला पटला. थंडी आणि पाणी पुरेसं होतं हेही.

दूरचा पाऊस

रात्रपाळी, मनापासून आभार. मित्राला हे जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. सलाईन आणि तो कोन माझ्या लक्षातच आला नव्हता.

एक मात्र राहिलं. तुम्ही यादीत डिआझला घेतलं नाही. आणि मग ऑटवेजवळ कोण आहे?

अर्धविराम

रात्रपाळी उत्तर देतीलच, पण डिआझ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून मध्ये बोलतो.

सुरुवातीला सगळ्यांत नकोसा वाटणारा हाच. मेलेल्यांच्या खिशात हात घालणारा, दर वाक्याला भांडण काढणारा, मारलेल्या लांडग्याचं मुंडकं कापून अंधारात भिरकावणारा. गुडघा निकामी झाल्यावर तो नदीकाठी बसतो आणि सांगतो, मी आता चालणार नाही. समोर नदी आणि डोंगर. परत जाऊन त्याला काय मिळणार आहे? दिवसभर ड्रिलिंग आणि रात्री दारू. यापेक्षा चांगलं दृश्य आपल्या वाट्याला येणार नाही, हे त्याला कळतं. तो, ऑटवे आणि हेन्रिक, उरलेले तिघं एकमेकांना पहिली नावं सांगतात, हस्तांदोलन करतात. इतके दिवस जीव वाचवत एकत्र चालले आणि नावं शेवटी. मग दोघं निघून जातात, आणि कॅमेरा त्याच्या पाठीमागे थांबतो. मागून पावलं ऐकू येतात. तो पुटपुटतो की मी घाबरत नाही. आपल्याला त्याचा चेहरा दाखवत नाहीत. माझ्या दृष्टीने या चित्रपटाचा सर्वांत उंच बिंदू तोच, ऑटवेची शेवटची तयारीही नव्हे. हार मानणं आणि थांबणं यातला फरक इतका स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या थरारपटात पाहिलेला नाही.

कार्नाहनने हे ब्रिटिश कोलंबियात स्मिथर्सच्या आसपास खऱ्या हिमवादळांत चित्रित केलं. त्यामुळे नटांच्या दाढीवरचा बर्फ, जड झालेली जीभ, अडखळणारी पावलं यात खोटेपणा जाणवत नाही.

देवाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून तेवढं सांगतो. हेन्रिक गेल्यावर ऑटवे आकाशाकडे बघून शिव्या देत मदत मागतो. काहीतरी दाखव, आत्ता दाखव, पुढे आयुष्यभर विश्वास ठेवीन. आकाश करडंच राहतं. मग तो म्हणतो, ठीक आहे, माझं मी करतो. मी स्वतः श्रद्धावान आहे, आणि तरी मला हा प्रसंग खोडसाळ वाटला नाही. मला ती प्रार्थनाच वाटते, उत्तर न आलेली. हेन्रिकने आधी मृतांसाठी चार शब्द बोलण्याचा आग्रह धरला होता हेही विसरू नका. त्या सातांत श्रद्धेची जागा त्याची होती, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागापासून वीतभर खाली गुदमरतो. हे बघणं कठीण आहे. दिग्दर्शकाने ते सौम्य केलं नाही याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

श्रेयनामावलीनंतर एक क्षणभराचं दृश्य आहे, ते बऱ्याच जणांचं निसटतं. पडलेला लांडगा श्वास घेतोय आणि ऑटवेचं डोकं त्याच्यावर टेकलेलं आहे. कोण जिंकलं ते तेव्हाही सांगत नाहीत. ते दृश्य नसतं तरी मला चाललं असतं.

रात्रपाळी

डिआझला मी मुद्दाम वगळलं होतं. बाकीच्यांजवळ कोणी असावं असं वाटतं, त्याने ते नको म्हटलं. असेही रुग्ण असतात. नातेवाईक रात्रंदिवस बसलेले असतात आणि कोणी चहा आणायला बाहेर गेलं की त्या दहा मिनिटांत माणूस जातो. मग घरच्यांना आयुष्यभर टोचणी लागते, मी का उठलो म्हणून. मी त्यांना सांगते की काहींना जाण्यासाठी ती खोली रिकामी हवी असते. हे मोजून सिद्ध केलेलं नाही, माझ्या आणि माझ्यासोबत काम करणाऱ्यांच्या पाहण्यातलं आहे.

ऑटवेजवळ पाकिटं आहेत. विमानाजवळ असतानाच ठरलं होतं की मेलेल्यांची पाकिटं गोळा करायची, घरच्यांना द्यायला. शेवटी तो गुडघ्यांवर बसून ती एकेक उघडतो. लग्नाचे फोटो, पोरंबाळं. ज्यांना आपण मघापर्यंत लांडग्यांच्या तोंडी जाणारे कामगार म्हणून मोजत होतो त्यांची घरं दिसतात. आम्ही गेलेल्या माणसाच्या वस्तू नातेवाईकांच्या ताब्यात देतो तेव्हा यादी करावी लागते: चष्मा, घड्याळ, पाकीट, फोन. सही घ्यायची असते. पाकीट उघडून रक्कम मोजताना आत फोटो दिसतोच. ते काम मी कधीही घाईने उरकत नाही.

आणि दूरचा पाऊस, मित्राला माझं उत्तर वाचून दाखवणार आहात तर एवढं जोडा. प्रत्येकाला सांगायचंच असा माझा आग्रह नाही. ज्याला जाणून घ्यायचं नाही तो विषय बदलतो, उद्याच्या जेवणाचं विचारतो, आणि मग आपणही जेवणाचंच बोलायचं. लुएंडनने विचारलं होतं. विचारणाऱ्याला उत्तर न देणं मला जमत नाही.

दूरचा पाऊस

मित्राला वाचून दाखवलं. सलाईनपाशी त्याने थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. क्रूर हा शब्द तो आता मागे घेतो, पण त्याचं म्हणणं असं की स्वतःवर वेळ आली तर त्याला सांगू नये, त्याला जेवणाचंच बोलायचंय. मी बरं म्हटलं आहे.

वन्यवाचक

तुमच्या मित्राचं बरोबर आहे. मी मात्र विचारणाऱ्यांपैकी आहे.

रात्रपाळी, बर्कचा प्रसंग तुम्ही म्हणालात म्हणून पुन्हा पाहिला. त्यात एकही लांडगा नाही.